सुशीलाच्या कातळावरची हाळी

"मॅडम, हात लावू नका," दत्ताराम म्हणाला. "आधी फोटो काढू."

झाडावर बसवलेल्या सत्तावीस नंबरच्या डब्याला तांब्याच्या तारेनं टॅग बांधलेला होता. बांधणाऱ्यानं अजिबात घाई केली नव्हती. तारेला नीट पीळ देऊन टोक आत दुमडलं होतं, कुणाच्या हाताला ओरखडा उठू नये म्हणून काळजी घेतल्यासारखं. टॅग सुपारीएवढा. त्याचा बारका हिरवा दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकत होता, आणि डबा ते इमानेइतबारे ऐकून पुढं कळवत होता की खवले मांजर इथंच आहे, इथंच आहे.

झाडामागं बीळ होतं. आता बीळ कसलं, पहारीनं उकरून काढलेला माणूसभर खड्डा. मातीत दोन खवले पडले होते. दत्तारामनं ते उचलले, टोपीत ठेवले आणि टोपी काखेत धरून तो नुसता उभा राहिला. एकोणीस वर्षं वनरक्षक असलेला माणूस. त्याचा चेहरा मला बघवेना.

दोन दिवस चौकीतला कॉम्प्युटर आम्हाला सांगत होता की एक नंबरची मादी सत्तावीसपाशी आहे. आम्ही म्हटलं, विसावली असेल. खवले मांजर दोन दिवस उघड्यावर विसावत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आमच्या शहाण्या डोक्यात ते तिसऱ्या दिवशी सकाळी शिरलं.

तिरवड्याच्या रानात आम्ही बेचाळीस डबे लावले होते. दोन खवले मांजरांच्या पाठीवरच्या खवल्याला एकेक टॅग. टॅगचा आवाज अगदी बारीक, वीस-तीस पावलांपलीकडं जायचा नाही. जनावर ज्या झाडाजवळून जाईल तिथला डबा तो ऐकायचा आणि शेजारच्या डब्याला सांगायचा. तो त्याच्या शेजारच्याला. असं कानोकान करत निरोप चौकीत यायचा. सगळं वायरीशिवाय, रेडिओवर. त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते, मालवणातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली हेमांगी राणे, आणि त्या डब्यांच्या आतला प्रोग्रॅम माझा होता.

चौकीत येऊन पुण्याला फोन लावला. डॉ. उपेंद्र नगरकर आमचे प्रोजेक्टप्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"बिळाची जागा कुणाकुणाला माहीत होती?"

"मला, दत्तारामना आणि तुम्हाला."

"मग सरळ आहे. मी पुण्यात. तू काही सांगणार नाहीस. वनखात्याशी मी बोलतो."

"सर, दत्तारामनी नाही केलं."

"हेमांगी, आपला प्रत्येक मेसेज एन्क्रिप्टेड आहे. कुलूप फोडायला शंभर वर्षं लागतील. म्हणजे यंत्रातून माहिती गेली नाही. म्हणजे माणसातून गेली. हे विज्ञान आहे, भावना नाहीत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि दोन नंबरला सांभाळ. पुढच्या बुधवारी प्रोजेक्टची पाहणी करायला समिती येतेय. एक तरी जनावर स्क्रीनवर चालताना दिसलं पाहिजे."

दोन नंबर माझ्या काळजाचा तुकडा होती. जानेवारीत तिला पिल्लू झालं होतं. कॅमेऱ्यात एकदाच दिसलं, आईच्या शेपटीवर पोटावर पडून, घट्ट धरून. तिचं बीळ अकरा नंबरच्या डब्यापाशी, भागीरथीकाकीच्या काजूच्या बागेमागं. तिला आता पकडून टॅग काढायचा म्हणजे पिल्लू टाकून जायची भीती. तेव्हा टॅग तिच्या पाठीवर राहणार, आणि ती जगली तर माझ्या डब्यांच्या भरवशावर जगणार, हे मला त्या फोननंतर लख्ख कळलं.

दत्ताराम बाहेर बाकावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. चौकीच्या पत्र्याच्या भिंतीत काय लपणार?

"माझ्यावर येतला," तो म्हणाला.

"येऊ देणार नाही."

"तुम्ही काय करतल्यात, मॅडम?"

काय करणार ते मला तरी कुठं ठाऊक होतं! मी चपला घातल्या आणि अकरा नंबरकडं निघाले.

भागीरथी गावडे पन्नाशीची बाई. नवरा गोव्याला हॉटेलात, सुना-मुलगे मुंबईला, आणि ही एकटी डोंगरउतारावर काजूची बाग राखत बसलेली. काकी बोलायला लागली की समोरच्यानं पाणी पिऊन घ्यावं, मध्ये संधी नाही. त्या दिवशी मला बघताच ती ओरडली, "ये गो, बस. तुमचो माणूस आज गोव्याक गेलो."

"खयचो माणूस?"

"तोच गो, जीपवालो. तुमच्यासारखोच अँटिना घेवन फिरता. आतापर्यंत चार दिस तिन्हीसांजेक हय इलो. मी आपली चाय दितंय, काल घावणे घातलंय."

आमच्या प्रोजेक्टवर जीपवाला कुणी नव्हता. अँटेना होता, टीव्हीच्या छोट्या अँटेनासारखा काटेरी, पण तो माझ्या खोलीत खुंटीला टांगलेला होता.

"काकी, तो आमचो नाय."

"काय सांगतंस! माका म्हणालो, टॉवरचो सर्व्हे आसा. मी म्हटलंय, तुमचीच कायतरी नवी भानगड." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगो, तुम्ही येण्याआधी हय कोण असलो काटो घेवन फिरताना बघलो नव्हतो. तुम्ही फिरल्यात, म्हणान आता जो काटो घेवन येयत तो तुमचो. गावभर तेका सगळ्यांनी वाट दाखवली!"

"तो करतो काय हय बसून?"

"काय नाय. कानात बोळे घालता, काटो इकडे-तिकडे फिरवता, आनी वहीत लिवता. पयले दोन दिस तो तकडे दाखवी," आणि काकीनं हात केला तो थेट सत्तावीसच्या दिशेला. "मगे एक दिस येवक नाय. परवा आनी काल परत इलो. आता ह्या बाजूक दाखवता." हात वळला. काजूची बाग, त्यामागं झाडी, झाडीत अकरा नंबर.

मी तशीच उठले. खोलीवर जाऊन माझा अँटेना आणि साधा रिसीव्हर घेऊन आले. पासवर्ड नाही, नकाशा नाही, लॅपटॉप नाही. दिवस मावळायला काकीच्या अंगणात, त्या माणसाच्याच जागेवर बसले. रिसीव्हरचे बोळे कानात घातले. रान एकदम गप्प. मग साडेसहाला, दोन नंबर बिळाबाहेर पडायच्या वेळेला, एक बारीक खरखर. अर्ध्या सेकंदाची. अँटेना फिरवला, जिकडून जोरात आली तिकडं चालले. थांबले. परत खरखर. परत चालले. निरोप जिकडं जातो तिकडं जायचं नाही, जिकडून येतो तिकडं जायचं, एवढं एकच कळलं की पुरे. पंचविसाव्या मिनिटाला मी अकरा नंबरच्या झाडाला हात लावून उभी होते.

एक अक्षर मी वाचलं नव्हतं. वाचायची गरजच नव्हती. पाकीट बंद असलं म्हणून काय झालं, पोस्टमन कुठल्या घरातून निघाला ते तर दिसत होतं!

परतताना मी रडले, खोटं कशाला सांगू. पण रडण्यात दुःखापेक्षा राग जास्त होता. त्या माणसानं टॅग आमच्याच डब्याला बांधला होता. मला चिडवण्यासाठी. तुझ्या डब्यानंच मला वाट दाखवली बाई, असं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दत्तारामला सांगितलं, "सगळे डबे बंद करूया. आत्ता."

"करूया," तो लगेच म्हणाला. वरचढ अक्कल न शिकवणारा त्या प्रोजेक्टवरचा तो एकटाच पुरुष.

पण चढायचं कुठून, शिडी कुणाची, हे ठरवायला काकीकडं गेलो तर तिनं आधी पानं वाढली. कुळथाची पिठी, भात, सुकट. आणि माझा बेत ऐकून घास हातातच धरून म्हणाली, "गप बसतल्यात? आनी तो काय येडो आसा? परवा तेनी हयसूनच ऐकल्यान मां? आज गप झाला तर तो काय म्हणतलो? म्हणतलो, तेंका कळला, म्हणजे बीळ थयच आसा. फाल्यां उजाडताच पहार घेवन येतलो."

बाई बरोबर बोलत होती. त्याच्या वहीत शेवटची दिशा अकरा नंबरची होती. आता गप्प बसणं म्हणजे तिथं बोट ठेवून देणं.

तेवढ्यात काकी पानावरून उठली. उष्ट्या हातानं, पदर खोचून, अंगणातून खाली धावली. शेजारच्या बागेत एक मोठा कातळ आहे, त्याच्यावर चढली आणि तोंडाशी हात धरून अशी सणसणीत हाळी मारली की रानातले पक्षी उडाले. "हूऽऽ य्येऽऽ!" मग शांतपणे परत आली आणि पुन्हा जेवायला बसली.

"माकडां इली?" मी विचारलं.

"नाय."

"मग?"

"सुशीलाची पाळी होती. ती गेली रेशनाक."

"तुझ्या अंगणातसून मारूची होतीस मगे हाळी. थय कित्याक गेलंस?"

काकीनं माझ्याकडं असं बघितलं की डिप्लोमा करून ह्या मुलीचं नुकसानच झालं.

"ऐक. ह्या उतारार नऊ बागो. नऊ बायलो राखणेक. माकडां सगळी खय बसतत ठावक आसा? वरच्या झाडार, कान देवन. पयले आमी काय करू, माकड दिसला की आरडू. मगे ती शिकली. जी बाग गप, थय बायल नाय. ती बरोब्बर थयच उतरत. मगे आमी ठरवला, पाळयेन हाळी मारूची. माकड असो नायतर नसो. एकीमागना एक, नऊ कातळांवरना, सकाळपासना सांजेपर्यंत. आनी जी घराक गेली तिची हाळी शेजारणीन मारूची, तिच्याच कातळार चढान. आता वयल्या शाण्यांका कळना नाय कोण खय आसा आनी कोण नाय. बसलीत आपली शेपट्यो खाजवत."

बाहेर पुढच्या कातळावरून हाळी आली. मग त्याच्या पुढच्या. आठ महिने मी ह्या हाळ्या रोज ऐकत होते. मला ती नुसती आरडाओरड वाटायची.

"काकी," मी म्हटलं, आणि उष्ट्या हातानंच तिचा हात धरला, "तू कॉलेजात शिकवूक होयी होतीस."

"शिकयतंय मां आता. जेव."

चौकीत येऊन मी पुण्याला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, दत्तारामनं ऐकावं म्हणून. काकीही आली होती, तिला कोण थांबवणार?

"सर, दत्ताराम निर्दोष आहेत. माहिती यंत्रातूनच गेली." आणि मी सगळं सांगितलं. अंगण, अँटेना, पंचवीस मिनिटं.

सर म्हणाले, "बरं. मग तुझं म्हणणं काय?"

"बेचाळीसही डब्यांनी दर पाच मिनिटांनी बोलायचं. जनावर असो वा नसो. सगळे निरोप सारख्या लांबीचे, खरा आणि रिकामा बाहेरून ओळखू येऊ नये. खरा निरोप असेल त्यानं पण आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. चौकीत कुलूप उघडल्यावर आपल्यालाच कळेल खरा कुठला."

"आणि बॅटरी?"

"सात आठवडे."

"दोन वर्षांची बॅटरी सात आठवड्यांवर!" ते हसले. हसणं वाईट नव्हतं, दमलेलं होतं. "हेमांगी, 'गप्प जाळं' हे नाव कुणाचं? जनावर नसेल तर एकाही डब्यानं तोंड उघडायचं नाही, बॅटरी वाचवायची, ही आयडिया कुणाची? पुण्यात सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी स्वतः वाजवल्या. विसरलीस?"

दत्तारामनं माझ्याकडं बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच मी सांगितलं नव्हतं, त्या खड्ड्यापाशी उभी असताना तर मुळीच नाही. माझ्या हुशारीनं सगळं रान गप्प केलं होतं, आणि त्या गप्प रानात फक्त जिच्याजवळ जनावर आहे ती एकच जागा बोलायची. एक नंबरला पहार कुणी मारली ते मला माहीत नव्हतं. तिचा पत्ता मी लिहिला होता.

"नाही विसरले," मी म्हटलं. "म्हणूनच बदलणार आहे."

"समिती जाईपर्यंत एकाही डब्याला हात लावायचा नाही. ही सूचना समज. आणि पाच मिनिटं थांबलेला निरोप म्हणजे शिळी माहिती. लाइव्ह म्हणून काय दाखवू मी?"

"त्या जनावराला कुठं ऑफिस गाठायचंय, सर? पाच मिनिटांनी कळलं तर काय बिघडलं?"

"दर सात आठवड्यांनी बेचाळीस झाडांवर चढणार कोण?"

"मी चढतंय म्हणान सांग तेका!" काकी मागून ओरडली.

"कोण बोलतंय ते?"

"माझ्या प्राध्यापक," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नोकरीत असताना मोठ्या माणसाचा फोन मी आधी कधी ठेवला नव्हता. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्या काळी डब्यात नवा प्रोग्रॅम घालायचा तर प्रत्येक डब्याला वायर लावायला लागायची. दत्ताराम शिडी धरायचा, मी लॅपटॉप गळ्यात अडकवून वर. पाचव्या झाडाला मुंगळ्यांनी माझी मान-पाठ एक करून टाकली. काकी खालून सूचना करत होती, त्यातली एकही उपयोगाची नव्हती. बाराव्या झाडापासून ती स्वतः चढायला लागली, कासोटा मारून, माझ्या दुप्पट वेगानं. तिनं डबा उतरवून द्यायचा, मी खाली बसून प्रोग्रॅम भरायचा, तिनं परत चढवायचा. अकरा नंबर आम्ही सगळ्यात आधी केला असता तर त्याला संशय आला असता, म्हणून सुरुवात रानाच्या पार दुसऱ्या टोकाला केली. दोन दिवस लागले. त्या दोन्ही सांजा दत्ताराम बागेमागं कोयता घेऊन लाकडं तोडायचं सोंग करत बसला. लाकडं एवढी झाली की काकीला पावसाळ्यापर्यंत पुरली.

तिसऱ्या दिवशी दुपारपासून तिरवड्याचं रान बोलायला लागलं. मी रिसीव्हर कानाला लावला. इकडून खरखर, तिकडून खरखर, डोंगरावरून, ओढ्यातून, मागून, पुढून. एकीमागून एक, पाळीनं. मला हसू आवरेना.

संध्याकाळी जीप आली. मी मुद्दाम काकीच्या अंगणात आमसुलं निवडत बसले होते. माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. दत्ताराम पडवीत उभा होता, गणवेशात. त्याला बघूनही गडी दचकला नाही.

"मॅडम तुम्हीच का? नाव ऐकलं होतं. मी टॉवरच्या सर्व्हेला आलोय."

"बसा ना. काकी, पाहुण्यांना पाणी दे."

"पाणी सोपला," काकी आतून म्हणाली.

त्यानं कानात बोळे घातले, अँटेना उचलला. एका दिशेला धरला. वळवला. परत वळवला. अंगणात गोल फिरला, एकदा, दोनदा. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. साडेसहा वाजले. बागेमागं दोन नंबर ह्याच वेळी बाहेर पडत असणार, लेकरू शेपटीवर घेऊन, दीडशे पावलांवर. माझ्या हातातली आमसुलं घामानं चिकट झाली. अकरा नंबर आपल्या पाळीला बोलला असेल, मग बारा, मग तेरा. तो माणूस थेट बागेकडं तोंड करून थांबला. दत्तारामचा हात कमरेच्या काठीवर गेला. मग अँटेना हळूच बागेवरून सरकला, ओढ्याकडं गेला, तिथून डोंगराकडं.

पाऊण तास तो फिरत होता. शेवटी बोळे काढून माझ्यासमोर उभा राहिला. गोडवा संपला होता.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय वाटतं."

"बिघडलं होतं," मी म्हटलं. "आजच दुरुस्त केलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मीही नजर काढली नाही. जीपचा नंबर दत्तारामनं लिहून घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत, सावकाश, एकेक आकडा मोठ्यानं उच्चारून. नुसता अँटेना बाळगला म्हणून कुणाला धरता येत नाही, तेव्हा तो गेला. नंतर नंबर खोटा निघाला. पण तिरवड्यात ती जीप परत दिसली नाही.

बुधवारी समिती आली. चौकीत उभं राहायला जागा नव्हती. समितीची तीन माणसं, नगरकर सर, त्यांचे पाहुणे, सरपंच, कॅमेरे घेतलेले दोन वार्ताहर, आणि कुणाच्या तरी ओळखीनं आलेले आणखी कोण कोण. दत्तारामवरचा संशय सरांनी परस्पर मागं घेतला होता, तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. डबे बदलल्याबद्दल मात्र ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. समितीच्या अध्यक्ष बाई पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सरांनी अर्धा तास छान माहिती दिली. मग म्हणाले, "आणि आता प्रत्यक्ष. हेमांगी, दोन नंबर या क्षणी कुठं आहे ते नकाशावर दाखव."

मी पडद्यावर पान उघडलं. नकाशा नव्हता. मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती.

"दोन नंबर : आहे."

कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा लाल झाला. "नकाशा, हेमांगी."

"नकाशा नाही दाखवणार, सर."

"म्हणजे?"

"या खोलीत चौदा माणसं आहेत. त्यातल्या अकरा जणांना मी आज पहिल्यांदा बघतेय. दोघांच्या गळ्यात कॅमेरे आहेत. उद्या हा नकाशा पेपरात येईल. गेल्या आठवड्यात एक मादी गेली ती माझ्यामुळं गेली. मी तिचा पत्ता वाटला. दुसरीचा वाटणार नाही. आहे, जिवंत आहे, पिल्लू आहे. एवढंच मिळेल."

"ही उद्धटपणाची परिसीमा झाली," सर म्हणाले.

अध्यक्ष बाईंनी हात वर केला. "मुली, मी विचारलं तरी सांगणार नाहीस?"

"नाही, बाई. तुम्हाला राग आला तरी नाही."

त्यांना राग आला की नाही ते कळलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढं कधीतरी अहवाल आला त्यात एक ओळ होती: प्राण्याचे स्थान दाखवण्यात आले नाही. ती प्रोजेक्टची उणीव म्हणून मोजली गेली. माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. सर म्हणाले, "तू हुशार आहेस, पण तुझ्याबरोबर काम करता येत नाही." मी म्हटलं, "डबे परत गप्प केलेत तर येणाऱ्या जीपवाल्याला घावणे घालायला काकी आहेच, तिचा पत्ता आता सगळ्यांना माहीत आहे." त्यांना विनोद कळला नाही. पण डबे त्यांनी गप्प केले नाहीत. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मी कोल्हापूरला गेले. इन्व्हर्टर दुरुस्तीच्या एका कारखान्यात टेबल मिळालं. तिरवड्यातल्या बॅटऱ्या सात आठवड्यांत संपल्या तेव्हा नऊ बागांतल्या नऊ बायका झाडांवर चढल्या, वाटून घेऊन. दत्तारामनं चौकीत नव्या बॅटऱ्या मांडून ठेवल्या होत्या. हे सगळं मला फोनवर कळायचं.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी काकीचा फोन आला. आधी पाच मिनिटं हवापाणी. काजू बरो आसा. दत्तारामाच्या चेडवाचं लगीन ठरलं. सुशीला काल माहेराक गेली, आवशीक बरा नाय. आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"गो, ती दिसली."

मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"आज फाटफटी, उजाडता-उजाडता. शेपटेर पोर बसला होता. केवढा झाला गो! माका बघल्यान आनी आईच्या पोटात तोंड घातल्यान. तेंनी बीळ बदलल्यान. नवा बीळ खय आसा सांगू?"

माझा जीव नुसता ओढ घेत होता. दोन महिने मी डोळे मिटले की ते रान दिसायचं. झाड न् झाड मला पाठ होतं. काकीनं दोन शब्द सांगितले असते तरी मी कोल्हापुरात बसून ती जागा बघितली असती. आजूबाजूला दहा टेबलं होती. काकीच्या शेजारी कोण उभं होतं, देव जाणे.

"नको, काकी."

"अगो, तुका सांगूक काय होता? तू तर घरची."

"माका पण नको सांगू."

"बरा," ती म्हणाली. मग फोन तसाच हातात धरून तिनं तोंड वळवलं आणि हाळी मारली. तिची पाळी आली होती. माझ्या कानाचे पडदे हलले. मी फोन ठेवला नाही. पलीकडून पुढच्या बागेतली हाळी आली, मग त्याच्या पुढची, लांब लांब जात. मी मोजत राहिले. सुशीला माहेरी होती, तरी तिच्या कातळावरूनही हाळी आली. नऊच्या नऊ भरल्या.